घरी सांगण्याआधीचे सहा महिने: आई-बाबांचा विरोध असताना आपल्या कामाची वाट धरण्याचा क्रम

गौरीजेवणाच्या दिवशी पंगत बसलेली असताना आत्याने सहज विचारलं, 'मग, पुढे काय?' आणि माझ्या तोंडून निघून गेलं की साइट इंजिनिअरची नोकरी सोडून मी व्हिडिओ एडिटिंग करणार आहे. बाबांनी ताटातच हात धुतला आणि ते उठले. पुढचे सात महिने आमच्यात 'गॅस संपलाय' आणि 'दार लावून घे' यापलीकडे बोलणं झालं नाही. निर्णय बरोबर होता. क्रम चुकला.

आता माझ्याकडे काम शिकायला येणाऱ्या मुलामुलींशी बोलते तेव्हा तीच चूक पुन्हा पुन्हा ऐकते. आधी जाहीर करतात, मग तयारीला लागतात. घरचे पहिले पाच प्रश्न विचारतात, त्यातल्या एकाचंही उत्तर हातात नसतं, मग आवाज चढतो आणि विषय 'तुम्ही मला समजूनच घेत नाही' वर जाऊन संपतो. खालचा क्रम त्यासाठी आहे. घरी पहिलं बोलणं होईपर्यंतचा भाग साधारण सहा महिन्यांचा आहे आणि तोवर घरी काहीही जाहीर करायचं नाही.

आधी एक तपासणी. तुमचं वय १८ पूर्ण आहे, तुम्ही घरी राहता, आणि आई-बाबा टोचून बोलतात पण त्यांना तुमची काळजी आहे, असं असेल तर हा क्रम चालेल. मारहाण, कोंडून ठेवणं, मोबाइल काढून घेणं किंवा जबरदस्तीने लग्न ठरवणं चालू असेल तर हिशेबाचे कागद करत बसू नका. तातडीच्या मदतीसाठी ११२, महिलांसाठी १८१. आधी सुरक्षित जागी पोचा.

## टप्पा १: विरोधाचे नेमके शब्द लिहून काढा (दोन आठवडे)

एक साधी वही घ्या. घरात तुमच्या कामाबद्दल जे बोललं जातं ते त्याच शब्दांत लिहा. 'बाबा निगेटिव्ह आहेत' अशी नोंद काही कामाची नाही. 'त्या लाइनीत काही खरं नसतं', 'रात्री दोनला कोण सोडणार तुला?', 'मावशीला काय सांगू?', 'डिप्लोमाचे पैसे पाण्यात गेले म्हणायचे', अशी वाक्यं हवीत. दोन आठवड्यांनी प्रत्येक वाक्यासमोर एक शब्द लिहा: पैसा, सुरक्षितता, चार लोक, किंवा जुना अनुभव.

माझ्या वहीत एकतीस वाक्यं जमली. काही आईची, बहुतेक बाबांची, पण आईने पोचवलेली. माझी खात्री होती की घरचा विरोध पैशांवरून आहे. त्यातली चौदा वाक्यं मी रात्री घरी कशी येणार याबद्दलची निघाली. त्या प्रश्नाला 'माझ्यावर विश्वास ठेवा' हे उत्तरच नाही. चर्चगेटहून शेवटची लोकल रात्री एकच्या सुमारास सुटते आणि पहिली पहाटे चारनंतर. मधले तीन तास तुम्ही कुठे असणार, हे आईला कळायला हवं असतं. म्हणून मी अंधेरीतल्या स्टुडिओत काम मागायला गेले तेव्हा पैशांच्या आधी विचारलं की रात्रीची शिफ्ट संपल्यावर सकाळच्या गाडीपर्यंत थांबायला खोली आहे का, आणि तिला आतून कडी आहे का. हॉटेलच्या किचनमध्ये, न्यूजरूममध्ये, नाटकाच्या बॅकस्टेजला जाणाऱ्यांनीही हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावा.

'जुना अनुभव' या शब्दाकडे जरा जास्त लक्ष द्या. माझे आजोबा गिरणीत होते. जानेवारी १९८२ चा संप सुरू झाला तेव्हा बाबा शाळेत होते. ते ज्याला 'पर्मनंट' म्हणतात तो शब्द त्यांनी घरात धान्य उधार आणताना शिकला आहे. लालबाग-परळ, डिलाइल रोड, वरळीच्या कितीतरी घरांत हेच आहे. कोणाचा धंदा बुडाला असेल, कोणाचं कर्ज अंगावर आलं असेल. तुमच्या घरात ते काय आहे ते माहीत करून घ्या. मामा किंवा आत्या सांगतील.

तपासणी: एखाद्या वाक्यासमोर तुम्ही 'मला कमी लेखतात' असं लिहिलं असेल तर ते वाक्य आठवड्याने पुन्हा वाचा. बहुतेक वेळा खाली काळजी सापडते. काही वाक्यं खरोखरच दुखावण्यासाठी बोललेली असतात. ती वेगळ्या पानावर लिहा आणि त्यांना उत्तर देण्याचा नाद सोडा.

## टप्पा २: नोकरी किंवा कॉलेज चालू ठेवून काम करून पाहा (तीन महिने)

आवड आहे म्हणजे काम जमेलच असं नाही, आणि जमलं तरी ते रोज आठ-दहा तास करवेल असंही नाही. हे घरच्यांनी सांगण्याआधी तुम्हालाच कळलेलं बरं.

या तीन महिन्यांत तीन गोष्टी करायच्या.

पहिली, त्या क्षेत्रात पाच ते सात वर्षं काढलेल्या तीन माणसांना भेटा. फार नाव झालेल्यांकडे जाऊ नका, त्यांची गोष्ट तुमच्या उपयोगाची नसते. ज्यांचं घर त्या कामावर चालतं अशांकडे जा. विचारायचं हे: पहिल्या वर्षी हातात किती आले? पैसे किती दिवसांनी येतात? वर्षातले कुठले महिने रिकामे जातात? हे क्षेत्र सोडून गेलेले लोक कशामुळे गेले? चौथा प्रश्न सगळ्यात मोलाचा.

दुसरी, पैसे घेऊन केलेलं निदान एक काम. रक्कम दोन हजार असली तरी चालेल. परक्या माणसाने तुमच्या कामाचे पैसे दिले, ही गोष्ट घरी सांगताना फार वजनाची ठरते. ओळखीच्यांच्या वाढदिवसाचा फुकट केलेला व्हिडिओ किंवा फुकट दिलेला केक यात धरू नका.

तिसरी, शिक्षण घ्यायचं असेल तर प्रवेशाची दारं आणि तारखा काढा. सर जे. जे. मध्ये शिकायचं असेल किंवा राज्यातल्या दुसऱ्या कला महाविद्यालयात, प्रवेशाची पद्धत त्या त्या संस्थेच्या चालू वर्षाच्या माहितीपत्रकात वाचा. मागच्या वर्षीच्या मुलाने सांगितलेल्यावर विसंबू नका. दादरच्या आयएचएमसारख्या हॉटेल मॅनेजमेंट संस्थांसाठी एनसीएचएम जेईई ही प्रवेश परीक्षा असते. नाटकाकडे ओढा असेल तर कलिनाला मुंबई विद्यापीठाची अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे, तिथे पदवीनंतरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. सरकारी संस्थांची फी आणि अंधेरी-मालाडच्या खासगी क्लासची फी शेजारी शेजारी लिहा.

सावधान: इथली सगळ्यात महाग चूक म्हणजे आधी क्लासची फी भरणं. माझ्याकडे आलेल्या एकाने वर्षभराच्या कोर्सला साडेतीन लाख भरले. नंतर कळलं की ज्या स्टुडिओत त्याला जायचं होतं तिथे ते प्रमाणपत्र कोणी मागतच नाही. कामाचा नमुना बघतात. फी भरण्याआधी त्या क्लासमधून दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या दोघांशी बोला. नंबर क्लासकडून घेऊ नका, स्वतः शोधा. पदवी म्हणून विकत असतील तर विद्यापीठ यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) यादीत आहे का ते पाहा.

तपासणी: तीन महिने झाल्यावर, ज्या दिवशी कंटाळा आला होता त्या दिवशीही काम केलंत का? उत्तर 'नाही' असेल तर इथेच थांबा. घरी काही सांगितलेलं नाही, त्यामुळे कोणाचंच काही बिघडलेलं नाही.

## टप्पा ३: पैशांचा कागद

हा टप्पा लोक उरकतात, आणि नंतर सगळं इथेच अडतं. माझे बाबा पतपेढीत लिपिक होते. त्यांच्याशी भावनेच्या भाषेत मी सात महिने हरले. एका कागदाने बोलणं सुरू झालं.

आधी महिन्याचा खरा खर्च. मागच्या तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि यूपीआयचा हिशेब समोर ठेवून लिहा, अंदाजाने नको. उदाहरणादाखल:

- घरी देणं: ६,०००
- प्रवास: १,५००
- फोन आणि इंटरनेट: ८००
- बाहेरचं खाणं: २,५००
- आरोग्य विमा: ७००
- लॅपटॉपचा हप्ता: ३,५००
- किरकोळ: २,०००
- एकूण: १७,०००

'घरी देणं' ही ओळ कोरी ठेवू नका. आत्ता देत नसाल तर आजपासून द्या, दोन हजार का होईना. आई घेत नसेल तर गॅस किंवा विजेचं बिल तुम्ही भरा. नवीन कामातही ही ओळ चालू राहणार आहे, हे कागदावर दिसू द्या.

मग साठवण. सहा महिन्यांची शिल्लक ठेवावी असं सर्रास सांगतात. मुंबईत मनोरंजनाच्या कामात ती पुरत नाही. टीव्हीच्या क्षेत्रात पैसे ९० दिवसांनी देण्याची जुनी पद्धत आहे. पहिलं काम दुसऱ्या महिन्यात मिळालं आणि त्याच महिनाअखेरीला संपलं, तरी पैसे पाचवा महिना संपताना येतात, तेही सगळं वेळेवर झालं तर. म्हणून नऊ महिने धरा: १७,००० गुणिले ९, म्हणजे १,५३,०००. एवढे साठले नसतील तर राजीनाम्याची तारीख पुढे ढकला. सण, कोणाचं लग्न, पावसाळ्यात बिघडणारा लॅपटॉप, हे सगळं याच नऊ महिन्यांत येतं.

आता ज्या गोष्टी माहीत नसल्यामुळे लोक घाबरतात त्या.

टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापला जाणारा आयकर. व्यावसायिक फीवर बऱ्याचदा १० टक्के कापून पैसे देतात. ४५,००० चं बिल असेल तर हातात ४०,५०० येतात. कापलेले ४,५०० बुडत नाहीत. ते तुमच्या पॅनवर जमा होतात, आणि तुमचा कर तेवढा होत नसेल तर विवरणपत्र भरल्यावर परत मिळतात. म्हणून पहिल्या वर्षापासून विवरणपत्र भरा.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग-व्यवसायाची सरकारी नोंदणी. सरकारी पोर्टलवर ती फुकट होते. दीड-दोन हजार मागणाऱ्या वेबसाइटवर जाऊ नका. नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत देणं कायद्याने बंधनकारक आहे. नवखं माणूस पहिल्याच गिऱ्हाइकाशी कायद्याने भांडत नाही हे मला कळतं. तरीही बिलावर उद्यम क्रमांक छापा.

विमा. वडिलांच्या कंपनीच्या गटविम्यात तुमचं नाव असेल तर किती वयापर्यंत चालतं ते विचारून घ्या. बऱ्याच ठिकाणी २५ ला नाव निघतं. ती तारीख कागदावर लिहा.

शैक्षणिक कर्ज. साधारण साडेसात लाखांपर्यंत बँका तारण मागत नाहीत, पण आई किंवा वडिलांची सहकर्जदार म्हणून सही लागते. म्हणजे ज्यांचा विरोध आहे त्यांचीच सही. कर्जावर योजना बेतली असेल तर 'त्यांना न विचारता करू' हा मार्ग बंद झाला असं समजा.

आणि शेवटी कागदाच्या वरच्या कोपऱ्यात एक तारीख: बाबांच्या किंवा आईच्या निवृत्तीची. महाराष्ट्रात राज्य सरकारी नोकरीत, चतुर्थ श्रेणी सोडली तर, ५८ ला निवृत्ती असते. मुलगा २४ चा आणि वडील ५६ चे असतील, तर घरात न बोलता जो घोर आहे तो या दोन वर्षांचा आहे. घराचा हप्ता तेव्हा संपलेला असेल का? धाकट्या भावंडाची फी कोण भरणार? या प्रश्नांची उत्तरं तुमच्या कागदावर आधीच असतील, तर अर्ध्या तासाचं भांडण वाचतं.

सावधान: आई-बाबांची मुदत ठेव, आईचे दागिने, गावच्या जमिनीतला वाटा, यांतलं काहीही या कागदावर आणू नका.

## टप्पा ४: कागदपत्रं आणि परतीची वाट

मूळ गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाइल, पॅन, आधार, पासपोर्ट कुठे आहेत ते पाहा आणि सगळ्यांच्या प्रती स्वतःकडे ठेवा. डिजिलॉकर उघडा. आधारला तुमचाच मोबाइल नंबर जोडलेला हवा. कित्येकांचा अजून वडिलांचा असतो. पगाराचं खातं आईबरोबर संयुक्त असेल तर ते तसंच राहू द्या, कामाच्या पैशांसाठी स्वतःच्या नावाचं वेगळं खातं काढा. कपाटातून फाइल गुपचूप उचलू नका. ती सापडली नाही की घरात जो गोंधळ होतो तो पुढच्या सगळ्या बोलण्याला चिकटतो.

नोकरी सोडणार असाल तर नोटीस पिरियड पूर्ण करा, रिलीव्हिंग लेटर आणि अनुभवाचं पत्र हातात घ्या. बाँडवर सही केली असेल तर तो शांतपणे वाचा.

पदवी अर्धवट सोडणाऱ्यांसाठी: शेवटचं वर्ष असेल तर पूर्ण करा, यावर माझं मत ठाम आहे. पहिलं-दुसरं वर्ष असेल तर कॉलेजमध्ये विचारा की नव्या शैक्षणिक धोरणातली बाहेर पडण्याची सोय तुमच्या अभ्यासक्रमाला लागू आहे का. त्यात एका वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं, आणि अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या ऑनलाइन खात्यात जमा झालेले क्रेडिट्स (पूर्ण केलेल्या अभ्यासाचे श्रेयांक) सात वर्षांपर्यंत वापरता येतात. बाहेरून पदवी पूर्ण करायला नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, मुंबई विद्यापीठाचं दूरशिक्षणही आहे. 'पदवी होणार आहे, फक्त सकाळी कॉलेजात जाऊन नाही' हे वाक्य घरी सांगता आलं तर त्याने पुष्कळ ताण उतरतो.

## टप्पा ५: कोणाशी, कुठे, कधी

दोघांना एकत्र बसवून सांगायचं, असं आपण सिनेमात पाहतो. आपल्या घरांत ते क्वचित चालतं. बाबा आईसमोर माघार घेत नाहीत, आई बाबांसमोर तुमची बाजू घेत नाही. आधी एकाशी बोला. ज्याच्याशी जास्त बोलता त्याच्याशी नव्हे, ज्याची वहीत जास्त वाक्यं आहेत त्याच्याशी.

जागेचा प्रश्न मुंबईत खरा आहे. आम्ही विक्रोळीला कन्नमवार नगरात राहायचो. दीड खोलीत चार माणसं, कायम चालू टीव्ही, आणि भिंतीपलीकडे शेजाऱ्यांच्या कुकरची शिट्टी झाली तरी ऐकू येणारी. अशा घरात आवाज दाबून बोलावं लागतं, आणि दाबलेला आवाज रागाचा वाटतो. बाहेर पडा. शिवाजी पार्कचा कट्टा, इमारतीची गच्ची, रविवारी सकाळी बाजारात जाताना. शेजारी शेजारी चालत बोलणं समोरासमोर बसण्यापेक्षा सोपं जातं. मी बाबांबरोबर रविवारी मटण आणायला जाऊ लागले. पहिले तीन रविवार विषय काढलाच नाही.

टाळायच्या वेळा: सण, पाहुणे घरी असताना, निकालाच्या दिवशी, कोणी आजारी असताना, बाबा कामावरून आल्यावर पहिला तास, आणि भावंडाचं लग्न ठरत असताना.

मध्यस्थ लागला तर एकच घ्या, मामा किंवा आत्या, आणि त्यांना 'समजवा त्यांना' असं सांगू नका. 'बाबांना नेमकी कशाची भीती वाटते ते विचारून मला सांगा' असं सांगा.

## टप्पा ६: पहिलं बोलणं

वेळ अर्धा तास. मागणी एकच: ठरलेली मुदत. परवानगी मागितलीत तर 'नाही' म्हटल्यावर पुढे जागा उरत नाही. निर्णय ऐकवलात तर त्यांच्याकडे विरोधाशिवाय काही उरत नाही. मुदत मागितली की बोलायला काहीतरी राहतं. मी दीड वर्ष मागितलं होतं.

सुरुवात त्यांच्या वाक्यापासून करा, वहीतल्या. माझ्या घरी, मुंबईतल्या बऱ्याच मराठी घरांसारखं, आईला अगं-तुगं आणि बाबांना अहो-जाहो. ते त्या दिवशी बदलू नका. बाबांना एकदम 'तू' करून जवळीक दाखवू नका, आणि आईला 'तुम्ही' म्हटलंत तर ती त्या शब्दानेच दुखावेल.

मी साधारण असं बोलले:

'बाबा, तुम्ही म्हणाला होतात की या लाइनीत पैसे वेळेवर मिळत नाहीत. मी तीन जणांना विचारलं. खरं आहे, तीन-तीन महिने लागतात. म्हणून मी नऊ महिन्यांचा खर्च बाजूला ठेवलाय. हा कागद बघा. मला दीड वर्ष हवंय. दीड वर्षानंतर महिन्याला सरासरी वीस हजार येत नसतील तर मी परत साइटवर जाईन. डिप्लोमा आहे, अनुभवाचं पत्र आहे.'

मग गप्प बसायचं. हेच अवघड आहे. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मटणवाल्याने पिशवी दिली, त्यांनी पैसे मोजून दिले, सुटे खिशात टाकले. रस्ता ओलांडल्यावर म्हणाले, 'कागद घरी ठेव. बघतो.'

पहिल्या दिवशी एवढंच मिळालं तर ते पुरेसं आहे. त्याच दिवशी 'हो' वदवून घेण्याच्या मागे लागू नका.

टाळायची वाक्यं: 'तुमच्या काळात वेगळं होतं.' 'तुम्ही तुमचं आयुष्य जगलात.' 'अमक्याचे आई-बाबा किती सपोर्ट करतात.' आणि 'मी तुमच्याकडे पैसे मागितले का?' हे तर कधीच नको, ज्या छताखाली राहता ते कोणाच्या पैशांचं आहे ते सगळ्यांना माहीत असतं.

सावधान: नोकरी आधीच सोडून रोज डबा घेऊन बाहेर पडणं, हे मी तिघांच्या बाबतीत पाहिलं. तिन्ही ठिकाणी बाहेरच्या कोणाकडून तरी घरी कळलं. त्यानंतर पुढच्या दोन वर्षांत खरं सांगितलेलंही खरं मानलं गेलं नाही. तयारी गुप्त ठेवा, राजीनामा गुप्त ठेवू नका.

## टप्पा ७: बोलण्यानंतरचे महिने

टोमणे थांबणार नाहीत. अबोला येईल. आईचं बीपी वाढलं असं सांगितलं जाईल. तेव्हा वाद न घालता तिला डॉक्टरकडे घेऊन जा, तुम्ही स्वतः. बीपी खरंच वाढलेलं असू शकतं.

दररोज प्रगती सांगू नका. 'आज काय झालं?' ला 'चालू आहे' पुरेसं आहे. महिन्यातली एक तारीख ठरवा, माझी ५ होती, आणि त्या दिवशी दोन ओळी सांगा: किती काम केलं, किती येणं आहे. वाईट महिना असला तरी सांगा. मी एकदा शून्य सांगितलं होतं. त्या शून्यामुळे पुढच्या महिन्याचे अठरा हजार त्यांना पटले.

आईला एक वाक्य द्या. याचा विचार फारसं कोणी करत नाही. हळदीकुंकवाला, लग्नात, लिफ्टमध्ये 'मुलगी काय करते?' याला उत्तर तिला द्यावं लागतं, आणि तिच्याकडे शब्द नसतात म्हणून ती चिडते. मी आईला सांगितलं: 'म्हण, टीव्हीच्या कार्यक्रमांचं एडिटिंग करते, पगार महिन्याला येत नाही, कामाप्रमाणे येतो.' तिने ते दोनदा म्हणून पाहिलं. तिसऱ्यांदा त्यात स्वतःचं घातलं: 'शेवटी पाट्या येतात ना, त्यात नाव असतं.'

झोप उडाली, जेवण सुटलं, सगळं संपवावंसं वाटू लागलं, तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर आहे. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. यासाठी घरच्या कोणाची परवानगी लागत नाही.

## टप्पा ८: घराबाहेर पडायची वेळ आली तर

हा टप्पा सगळ्यांना लागत नाही. भांडणाच्या रात्री बॅग भरू नका. आधी राहण्याचा खर्च कागदावर मांडा: कॉटबेसिसवर (एका खाटेपुरती जागा भाड्याने घेऊन) राहिलात तरी भाडं, डिपॉझिट, जेवण मिळून वरचे १७,००० कुठल्या कुठे जातात. खोली घेतलीत तर लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवलेलाच हवा, आणि पोलिसांकडे भाडेकरूची माहिती दिलेली हवी. तोंडी बोलण्यावर डिपॉझिट देऊ नका. बाहेर राहायला लागल्यावरही रविवारी घरी जेवायला जा. कोणी बोलत नसलं तरी जा, आणि निघताना स्वतःचं ताट घासून ठेवा.

## टप्पा ९: ठरलेल्या तारखेचा हिशेब

मुदत संपते त्या दिवशी तुम्ही स्वतः कागद घेऊन जायचं. त्यांनी आठवण करून द्यायची वेळ येऊ देऊ नका. सोबत पहिला कागद, बँक स्टेटमेंट, येणं असलेल्या बिलांची यादी.

ठरलेला आकडा गाठला नसेल तर तसं सांगा. मग तीनच वाटा आहेत: अर्धवेळ नोकरी धरून काम चालू ठेवणं, त्याच क्षेत्रात पगाराची जागा शोधणं (स्टुडिओ, एजन्सी, शाळा), किंवा जुन्या कामावर परत जाणं. यातली कुठली, ते कागद बघून ठरवा आणि ठरल्याप्रमाणे वागा. मुदत वाढवून हवी असेल तर एकदाच मागा, जास्तीत जास्त सहा महिने, नव्या आकड्यासह.

माझ्या दीड वर्षाची सरासरी एकोणीस हजारांच्या आसपास निघाली. वीस म्हटले होते. मी तसा कागद बाबांसमोर ठेवला. त्यांनी चष्मा लावला, पेन्सिल घेतली आणि पतपेढीत करायचे तशी प्रत्येक ओळीवर बारीक खूण करत खाली आले. एका ओळीवर थांबले. एका बिलाचे कापलेले ४,५०० मी खर्चात धरले होते. त्यांनी त्यावर काट मारली, शेजारी 'येणे' लिहिलं आणि बेरीज पुन्हा केली.

'हे परत येतात,' ते म्हणाले. 'अजून किती ठिकाणी धरलेत असे? सगळी बिलं घेऊन ये.'